'परमेश्वराचे भय' : एका भाषांतरित पदाची चिकित्सा

मराठी बायबल वाचताना सुशिक्षित वाचक ज्या शब्दप्रयोगांपाशी हटकून अडखळतो, त्यांत 'परमेश्वराचे भय' या पदाची गणना करावी लागेल. नीतिसूत्रांच्या १ ल्या अध्यायात, पुन्हा ९ व्या अध्यायात आणि १११ व्या स्तोत्राच्या अखेरीस हे पद ज्ञानाच्या उगमाशी जोडलेले आहे. ईयोबाच्या ग्रंथातील २८ वा अध्याय याच विचारावर येऊन थांबतो आणि उपदेशकाचा ग्रंथही आपला सारा संशय मागे टाकून अखेर येथेच पोहोचतो. ख्रिस्ती धर्मशिक्षणात हा विचार किती मूलभूत मानला गेला आहे हे निराळे सांगावयास नको. तरीही मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की भयातून ज्ञान निघेल कसे? भ्यालेल्या माणसाची बुद्धी चालत नाही, हा तर नित्याचा अनुभव आहे.

या अडचणीवर अलीकडे एक सोपा उपाय रूढ होऊ पाहत आहे. सोप्या मराठीत केलेल्या भाषांतरांत आणि प्रवचनांच्या भाषेत 'भय' काढून त्याच्या जागी 'आदर' किंवा 'मान' घालण्याकडे कल दिसतो. वाचकाची कुचंबणा त्यामुळे टळते हे खरे. परंतु कुचंबणा टळली म्हणजे अर्थ साधला असे होत नाही. 'भय' हा शब्द चुकला आहे हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. 'आदर' हा त्याहून अधिक चुकला आहे, असे मात्र त्याचे मत आहे. आणि मराठी भाषेजवळ या दोहोंहून सरस असे साधन असताना भाषांतरकारांनी ते पुरेसे वापरले नाही, ही या लेखाची मुख्य तक्रार आहे.

'भय' का चुकते ते प्रथम पाहू. हा शब्द मराठीत एकटा येत नाही. तो आपल्या विरोधी शब्दाला बरोबर घेऊन येतो. 'अभय', 'निर्भय', 'भयमुक्त' हे शब्द आपल्या धार्मिक वाङ्मयात परमार्थाच्या अंतिम स्थितीचे वाचक आहेत. गीतेच्या १६ व्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आहे तिच्या आरंभीच अभय आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला तू अभयाप्रत पोहोचलास असे सांगतो. भय दुसरेपणातून उत्पन्न होते हा विचारही त्याच उपनिषदात आहे. म्हणजे या परंपरेत ज्ञानाची खूण भय नाहीसे होणे ही. 'ज्ञान' हा शब्दही असाच भारलेला आहे. ज्ञानेश्वरी ज्याच्या कानावरून गेली आहे त्याला 'ज्ञान' म्हटले की आत्मज्ञान आठवणारच. असे दोन भारलेले शब्द एकत्र आणून एक दुसऱ्याचा आरंभ होय असे म्हटले, की हिब्रू वाक्याच्या मनात नसलेला एक तात्त्विक विरोधाभास मराठीत आपोआप निर्माण होतो. मूळ वाक्य विरोधाभासाचे नाही. ते घरगुती शहाणपणाचे वाक्य आहे. बाप मुलाला सांगतो त्या सुरातले.

आता मूळ हिब्रू पदाकडे वळू. येथे 'यिरआ' हे नाम आहे. ते 'यारे' या क्रियापदाचे धातुसाधित. या धातूचा बायबलमधील पहिला प्रयोग उत्पत्तीच्या ३ ऱ्या अध्यायात येतो. निषिद्ध फळ खाल्ल्यावर आदाम देवाची चाहूल ऐकतो, भितो आणि लपतो. हे भय खरेखुरे भय आहे व त्याची परिणती लपण्यात होते. त्याच ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात तोच धातू अब्राहामासाठी योजला आहे. मुलाचा बळी देण्यास सिद्ध झालेल्या अब्राहामाला, तू देवाला भितोस हे आता कळले, असे सांगितले जाते. अब्राहाम लपत नाही. हाक आली की उत्तर देतो. एकाच धातूची ही दोन टोके आहेत, आणि त्यांतील अंतर भावनेच्या तीव्रतेचे नसून माणूस कोणत्या दिशेला पाऊल टाकतो याचे आहे.

निर्गमाच्या २० व्या अध्यायात तर ही दोन टोके एकाच वचनात शेजारी शेजारी आली आहेत. सीनाय पर्वतावरील गडगडाट आणि धूर पाहून लोक थरथरत दूर उभे राहतात. मोशे त्यांना सांगतो की भिऊ नका. आणि लगेच पुढे सांगतो की देव आला आहे तो त्याचे भय तुमच्यासमोर राहावे व तुम्ही पाप करू नये म्हणून. क्रियापद व नाम एकाच धातूचे आहेत. जो धातू निषेधला तोच विधिरूपाने मागितला आहे. ज्या भाषांतरात दोन्ही ठिकाणी 'भय' येते तेथे वाचक गोंधळतो. दुसऱ्या ठिकाणी 'आदर' घातला की गोंधळ जातो, पण त्याबरोबर मोशेच्या बोलण्यातील सारी खोचही जाते. दूर सरकणाऱ्या माणसांना तो जागेवर उभे राहून भिण्यास सांगत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे भिणे शिकवता येते. दुसऱ्या राजांच्या १७ व्या अध्यायात शोमरोनात आणून वसवलेल्या परक्या लोकांची हकीकत आहे. त्यांना त्या देशाच्या देवाची रीत ठाऊक नव्हती. सिंहांनी त्यांतील काहींना मारले. तेव्हा परमेश्वराला कसे भ्यावे हे शिकवण्यासाठी बंदिवासात नेलेल्या याजकांपैकी एकाला परत धाडण्यात आले. सिंहांचे भय त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ३४ व्या स्तोत्रात मुलांना जवळ बोलावून हेच शिकवण्याचे आश्वासन आहे, आणि पंचग्रंथातील शेवटच्या ग्रंथात (योगायोग असा की मराठीत त्याचे नावच 'अनुवाद' आहे) परमेश्वराला भिण्यास शिकणे हा विचार पुनःपुन्हा येतो. जी गोष्ट पाठ करून, सराव करून अंगी आणावयाची, ती केवळ भावना असू शकत नाही.

या शिक्षणाचा विषय कोणता, हे पाहावयाचे असेल तर लेवीयाच्या १९ व्या अध्यायाइतके उद्बोधक स्थळ दुसरे नाही. आई व बाप यांना भ्या, असे तेथे आरंभीच म्हटले आहे. दहा आज्ञांत त्याच जागी 'मान राख' या अर्थाचे वेगळेच क्रियापद आहे. बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस, तर आपल्या देवाला भी, अशी पुढे जोडणी आहे. पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहण्याच्या आज्ञेलाही हीच पुस्ती आहे. अध्यायाच्या अखेरीस खऱ्या तराजूचा आणि खऱ्या मापांचा विषय येतो. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही, आंधळ्याला अडथळा ठेवणारा दिसत नाही. जेथे पकडले जाण्याची भीती मुळीच नाही नेमक्या त्या जागी देवाला भिण्याची आज्ञा आहे. कोणी पाहत नसताना माणूस कसा वागतो, हा या पदाचा खरा प्रांत होय.

येथपर्यंत आल्यावर मराठी भाषेचा अभ्यासक थबकल्याशिवाय राहत नाही. कारण आपल्या बोलीत हा अर्थ नेमका व्यक्त करणारा प्रयोग शतकानुशतके चालत आलेला आहे. 'देवाला भिऊन वाग', 'देवाला भिऊन सांग', 'जरा देवाला भी'. माप मारणाऱ्या दुकानदाराला, भाऊबंदकीत खोटी साक्ष देणाऱ्या नातलगाला, सुनेला उपाशी ठेवणाऱ्या सासूला आपण हे शब्द ऐकवतो. यांत कोणी कोणाला घाबरून जाण्याचा सल्ला देत नसतो.

या प्रयोगाचे व्याकरण थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मराठीत भयाची भावना सांगण्याचे दोन मार्ग आहेत. 'मला त्याची भीती वाटते' या रचनेत भोगणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. भीती हा कर्ता असून माणूस तिचे केवळ अधिष्ठान आहे. 'मी त्याला भितो' या रचनेत माणूस स्वतः कर्ता आहे. म्हणूनच दुसऱ्या रचनेची आज्ञार्थी रूपे होतात, पहिलीची होत नाहीत. 'भी', 'भ्या', 'भिऊन वाग' असे म्हणता येते. 'तुला भीती वाट' असे कोणी म्हणू शकत नाही. आज्ञा कृतीची होते, अनुभवाची होत नाही. हिब्रू धर्मग्रंथ तर देवाला भिण्याची आज्ञा करतो. तेव्हा कोणता मराठी प्रयोग त्याच्या जवळचा आहे हे उघड आहे.

दुसरी गोष्ट विभक्तीची. संस्कृतात भयार्थक धातूंच्या योगे भयाचा हेतू अपादान मानला जातो, म्हणून तेथे पंचमी येते. भय म्हणजे एखाद्या वस्तूपासून मनाने दूर सरणे. मराठीने ही पंचमी सोडून 'ला' स्वीकारला. शिवाय भूतकाळी 'तो देवाला भ्याला' असा कर्तरी प्रयोग होतो, 'त्याने' असे होत नाही. या बाबतीत 'भिणे' हे 'तो त्याला भेटला', 'ती आईला बिलगली', 'तो देवाला शरण गेला' यांच्या पंक्तीत बसते. या क्रियापदांत 'ला'ने दर्शविलेली व्यक्ती कर्त्याच्या कृतीने बदलत नाही. कर्ताच तिच्याकडे वळतो. हिब्रूतही 'यारे' या क्रियापदाला कधी साक्षात कर्म लागते, तर कधी 'पासून' किंवा 'समोरून' अशा अर्थाचे अव्यय लागते. परमेश्वरनिष्ठेचा अर्थ असतो तेथे बहुधा साक्षात कर्म असते. प्लेगांच्या कथेत, तुम्ही अजून परमेश्वराला भीत नाही असे मोशे फारोला सुनावतो, तेथे मात्र 'समोरून' अशा अर्थाचे अव्यय आहे. हा फरक दरवेळी कसोशीने पाळलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. आपण 'वाघाला भिणे' असेही म्हणतो. मग 'ला' प्रत्ययाने काय सिद्ध झाले? आक्षेप बरोबर आहे. प्रत्यय एकट्याने काही ठरवत नाही. ठरवते ते 'भिऊन' या ऊकारान्ताहून निराळ्या, 'ऊन'प्रत्ययान्त अव्ययाला जोडून येणारे क्रियापद. वाघाला भिऊन माणूस पळतो, झाडावर चढतो, लपतो. देवाला, वडिलांना, गुरूला भिऊन तो वागतो, राहतो, चालतो, बोलतो. 'वाघाला भिऊन वागणे' हे मराठी नव्हे. 'भिऊन लपणे' आणि 'भिऊन वागणे' हा भेद म्हणजे वर सांगितलेला आदाम आणि अब्राहाम यांच्यातील भेदच होय. तो आपल्या भाषेत व्याकरणानेच जपून ठेवला आहे. भाषांतरकाराने 'भय' हे नाम पसंत केले तेव्हा नेमके हे जोडक्रियापद गळून पडले आणि वाचकाच्या हाती उरली ती नुसती भावना.

आता 'आदर' या शब्दाचा विचार करू. त्याच्या पुरस्कर्त्यांचा हेतू चांगला आहे. भयाच्या नावाखाली धर्मपीठांवरून आजवर जे घडले त्याची त्यांना लाज वाटते. परंतु पेत्राच्या पहिल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात एक छोटे वचन आहे. त्यात देवासाठी एक क्रियापद आहे आणि राजासाठी दुसरे. देवाला भ्यावयाचे, राजाचा मान राखावयाचा. नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायात परमेश्वर आणि राजा या दोघांसाठी मिळून भिण्याचे एकच क्रियापद होते. त्याच वचनाचा पडसाद येथे आहे असे मानले, तर राजाकडून ते क्रियापद काढून घेतले आहे. रोमन सत्तेखाली, छळाच्या सावटात राहणाऱ्या लहानशा मंडळीला हा फरक जीवनमरणाचा होता. देवाच्या वाट्याला 'आदर' आणि राजाच्या वाट्याला 'मान' आला, की दोघे पुन्हा एका पायरीवर येऊन बसतात.

निर्गमाच्या १ ल्या अध्यायातील इब्री सुइणींची गोष्ट याहून बोलकी आहे. मिसराच्या राजाने शिफ्रा व पुवा यांना जन्मणारे मुलगे मारण्याची आज्ञा दिली. त्या देवाला भ्याल्या, म्हणून त्यांनी ती मोडली. येथे 'त्या देवाचा आदर करीत होत्या' असे म्हणून पाहावे. वाक्य सभ्य होते आणि निर्जीव होते. आदर माणूस एका वेळी अनेकांचा करू शकतो. फारोचाही आदर आणि देवाचाही आदर यांत विरोध नाही. भिणे मात्र अखेर एकालाच शक्य असते. त्या दोन स्त्रिया एकाला भ्याल्या म्हणून दुसऱ्याला भ्याल्या नाहीत. फारोची आज्ञा ऐकताना त्यांना जो विवेक सुचला तो या भिण्यातून आला. भयातून शहाणपण निघेल कसे, या आरंभीच्या प्रश्नाला एवढे समर्पक उत्तर नीतिसूत्रांतही सापडत नाही.

हा पेच मराठीपुरता नाही. ग्रीक भाषांतरकारांपुढेही तो होता, आणि त्यांनी केलेल्या तडजोडीतून पुढे एक मोठी शिकवण जन्मास आली. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात नीतिसूत्रांच्या त्या पहिल्या वचनाचा विस्तार झालेला दिसतो. तेथे 'फोबोस' म्हणजे भय हा शब्द आहे आणि त्याच विचाराची दुसऱ्यांदा मांडणी करताना 'युसेबिया' म्हणजे भक्तिभाव हा शब्द आहे. ईयोबाच्या २८ व्या अध्यायात भयाचा उच्चारच नाही. 'थिओसेबिया', देवाची उपासना, असा शब्द योजला आहे. यशयाच्या ११ व्या अध्यायात इशायाच्या बुंध्यातून फुटणाऱ्या धुमाऱ्यावर परमेश्वराचा आत्मा राहील असे सांगताना हिब्रूत ज्ञान, समज, मसलत, पराक्रम इत्यादी सहा गुण आहेत. शेवटचा गुण म्हणजे परमेश्वराचे भय, आणि पुढच्याच वाक्यात तोच शब्द पुन्हा आला आहे. ग्रीक भाषांतरकाराने पहिल्या ठिकाणी 'युसेबिया' घातले, दुसऱ्या ठिकाणी 'फोबोस'. लॅटिन व्हल्गेटमध्ये त्यांची 'पिएतास' आणि 'तिमोर' ही दोन निरनिराळी नावे झाली. सहाचे सात झाले. पवित्र आत्म्याची सात दाने हा पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मशिक्षणातील सुप्रसिद्ध गणनाविधी या भाषांतरावर उभा आहे. भाषांतरकाराची द्विधा धर्मशास्त्रात कशी प्रविष्ट होते याचे याहून स्वच्छ उदाहरण भाषाभ्यासकाला मिळणार नाही. एका शब्दात मावत नसलेला अर्थ त्याने दोन शब्दांत वाटून दिला, एवढे मात्र त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

रूडोल्फ ऑटो यांच्या १९१७ सालच्या ग्रंथापासून या भयाचे स्पष्टीकरण पवित्र तत्त्वासमोरील कंपाच्या कल्पनेने देण्याची रीत पडली आहे. सीनायच्या प्रसंगाला ते लागू पडते. नीतिसूत्रांना ते लावणे म्हणजे स्वयंपाकघरातल्या बोलण्यात मेघगर्जना ऐकू येते असे म्हणण्यासारखे आहे. तेथे तराजू आहे, आळशी माणूस आहे, भांडखोर बायको आहे, जामीन राहण्याचा धोका आहे. योआखिम बेकर यांनी १९६५ मध्ये जुन्या करारातील देवभयावर जो ग्रंथ लिहिला त्यात हे प्रकार वेगळे केले आहेत, ते योग्यच होय.

'ज्ञान' या दुसऱ्या पदाविषयी थोडे. नीतिसूत्रांच्या १ ल्या अध्यायात 'दाअत' आहे. त्याला 'ज्ञान' म्हणण्यास हरकत नाही. पण ९ व्या अध्यायात, स्तोत्रात आणि ईयोबात 'होखमा' हा शब्द आहे. निर्गमात निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलाच्या हातच्या कसबाला हाच शब्द आहे. सूत कातणाऱ्या स्त्रियाही त्याच धातूच्या शब्दाने वर्णिल्या आहेत. हातात, डोळ्यात आणि जिभेवर असलेले हे जाणतेपण आहे. मराठीत याला 'शहाणपण' म्हणतात. 'शहाणा' हा शब्द 'सज्ञान' यापासून आला असे सामान्यतः मानतात. तेव्हा व्युत्पत्तीनेही ज्ञानाशी त्याचे नाते तुटत नाही. शिवाय 'शहाणपण' या शब्दाला मराठीत उपरोधाची एक धार आहे. 'फार शहाणा आहेस', 'दीडशहाणा' हे शब्द आपण कोणाला लावतो? जो स्वतःच्या नजरेत शहाणा त्याला. नीतिसूत्रांच्या ३ ऱ्या अध्यायात आपल्याच दृष्टीने शहाणे होण्याचा निषेध आणि परमेश्वराला भिण्याची आज्ञा ही एकाच वचनात जोडीने आली आहेत. 'ज्ञान' या गंभीर शब्दाला हा उपरोध पेलत नाही; दीडज्ञानी कोणी नसतो.

आरंभवाचक शब्दही दोन आहेत. 'रेशीत' हा 'रोश' म्हणजे डोके या शब्दाच्या कुळातला. त्याचा अर्थ आरंभ असा होतो, तसाच मुख्य भाग, अग्रभाग असाही होतो. 'तेहिल्ला' म्हणजे सुरुवात. 'प्रारंभ' म्हटले की पायरी ओलांडून पुढे गेल्याचा भास होतो, जणू भय ही बालवाडी असून ज्ञान ही वरची इयत्ता. नीतिसूत्रांच्या २ ऱ्या अध्यायाने हा समज खोटा ठरवला आहे. तेथे क्रम उलटा आहे. गुप्त धनासारखा शहाणपणाचा शोध घेतलास, तर परमेश्वराला भिणे म्हणजे काय ते तुला उमगेल, असा त्याचा आशय आहे. मराठीत 'मूळ' हा शब्द येथे अधिक शोभला असता; झाड वाढले तरी मूळ मागे पडत नाही.

मराठी भाषांतरपरंपरेला दोष देताना तिच्यापुढील अडचणींचे भान ठेवले पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात वैकुंठासारखे शब्द निःशंकपणे वापरले. ते भाषांतर करीत नव्हते, ओवी रचीत होते, म्हणून त्यांना ती मोकळीक होती. श्रीरामपूरच्या कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ चा आणि अमेरिकन मिशनचा १८२६ चा. या मंडळींना मराठी गद्याचा साचाच घडवावयाचा होता. हिब्रूकडे मराठीतून थेट पाहण्याची वाट त्याच सुमारास मुंबईत उघडली होती. जॉन विल्सन यांनी कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये लिहिले. ज्या समाजाची मातृभाषा मराठी आणि धर्मभाषा हिब्रू, त्याच्या बोलण्यात 'यिरआ'ला कोणता प्रतिशब्द होता, हे शोधण्यासारखे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय अवश्य हाती घ्यावा. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात बसून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले, त्या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द जाणीवपूर्वक टाळावेत, यातील भाषिक धैर्याची नीट दखल मराठी समीक्षेने अद्याप घेतलेली नाही.

प्रचलित भाषांतराच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जेथे हिब्रूत वा ग्रीकमध्ये क्रियापद आहे तेथे बहुतेक ठिकाणी 'भय धरणे' किंवा 'भय बाळगणे' असा संयुक्त प्रयोग आढळतो. 'धरणे' हे कृतीचे क्रियापद आहे. भय येते, वाटते, ग्रासते; ते धरावयाचे म्हटले की माणूस पुन्हा कर्ता होतो. म्हणजे ही अडचण भाषांतरकारांना जाणवली होती आणि तिच्यावर त्यांनी मराठी वळणाचा तोडगाही काढला होता. मात्र नामाच्या जागी आल्यावर, आणि नीतिसूत्रांतील कळीच्या जागी नामच आहे, त्यांनी 'धरणे' सोडून दिले. 'परमेश्वराला भिऊन वागणे' किंवा निदान 'परमेश्वराला भिणे' असे क्रियावाचक नाम तेथे अशक्य नव्हते. बहुधा ते त्यांना धर्मग्रंथाच्या मानाने गावंढळ वाटले असावे. गद्य प्रतिष्ठित व्हावे या हौसेपायी क्रियापदांचा बळी देऊन नामे पुढे करण्याची खोड एकोणिसाव्या शतकातील मराठीला जी लागली, ती विद्यापीठीय लेखनातून अद्यापि गेलेली नाही. प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही.

रेव्हरंड टिळकांचा मार्ग निराळा. वारकऱ्यांच्या वाणीतून आलेले माउलीचे संबोधन त्यांनी ख्रिस्ताकडे वळवले, आणि तेथे भयाला जागा उरली नाही. मराठी ख्रिस्ती भजनात प्रेम भरपूर आहे आणि भिणे थोडे, याचे एक कारण हा वारसा होय. यात काही हरवले का? योहानाच्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन, पूर्ण प्रीती भयाला घालवते, तेव्हा हरवण्यासारखे काही नव्हतेच, असे उत्तर देता येईल. परंतु त्या पत्रात ज्या भयाविषयी बोलणे आहे त्याचा संबंध तेथेच शिक्षेशी जोडला आहे. ते 'भिऊन लपणे' आहे. संत ऑगस्टीन यांनी याच पत्रावरील प्रवचनांत दोन स्त्रियांचा दृष्टान्त दिला. व्यभिचारी स्त्रीला धास्ती असते ती नवरा येईल याची. पतिव्रतेला असते ती तो सोडून जाईल याची. दोघींनाही विचारले तर 'भिते' हेच उत्तर मिळेल. त्याच ठिकाणी शिवणकामाचाही दृष्टान्त आहे. सुई वस्त्रात शिरते आणि बाहेर पडते, कारण तिच्या मागून दोरा यावयाचा असतो. भय सुईसारखे, प्रीती दोऱ्यासारखी. दृष्टान्त सुरेख आहे, पण तो लपणाऱ्या भयालाच लागू पडतो. पहिल्या दृष्टान्तातील पतिव्रतेचे भिणे दोरा आला म्हणून बाहेर पडत नाही. थॉमस अक्वायनस यांनी दास्यभय आणि पुत्रभय असा जो भेद केला, किंवा ल्यूथर यांनी १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत प्रत्येक आज्ञेचा अर्थ सांगताना देवाला भिणे आणि त्याच्यावर प्रीती करणे ही दोन क्रियापदे जी एकत्र ठेवली, ती हेच ओळखून.

शेवटी आमच्या सूचनेची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. 'भिऊन वागणे' या प्रयोगात वागण्यावर भर पडतो, आणि वागणे फायद्यासाठीही असू शकते. ईयोबाच्या ग्रंथात सैतानाची शंका हीच आहे: ईयोब देवाला भितो ते काय फुकट? त्याच्याभोवती कुंपण आहे, घरात समृद्धी आहे. या शंकेचे निरसन कोणताही शब्द करू शकत नाही. ते पुढील चाळीस अध्यायांचे काम आहे. दुसरी अडचण शुद्ध रचनेची. यशयाच्या ११ व्या अध्यायातील गुणांच्या मालिकेत सगळी नामे ओळीने उभी आहेत. त्यांच्या शेवटी 'परमेश्वराला भिणे' हे क्रियावाचक नाम ठेवले की ओळ मोडते, आणि वाचताना ठेच लागते. विद्यार्थ्यांसमवेत या वचनाचे निरनिराळे पाठ करून पाहिले. एकही मनासारखा उतरला नाही. तेथे 'भय' हाच शब्द ठेवून, लगेच पुढे तो पुन्हा येतो त्या जागी मात्र 'भिण्यात' त्याला गोडी वाटेल असे म्हणावे, एवढीच तडजोड आज सुचते.